डाव्या अंगाचा काठ

अंकिताबाईंनी गाडीच्या डिकीतून एक डालगं काढलं, दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर रंगुबाईच्या पुढ्यात ठेवलं, आणि रंगुबाईच्या हातातला निरगुडीचा फोक कटकन मोडला. ओला फोक मोडत नसतो. गोणपाटात भिजवून ठेवलेला तर बोटाला गुंडाळला तरी मोडत नाही. रंगुबाईनं दोन्ही तुकडे मांडीखाली सारले आणि म्हणाली, "काय बाई, आता कोंबड्या पाळायला काढल्या का काय पुण्यात?"

"नाही हो, आजी. काल केडगावला गेले होते. बाजाराच्या कडेला एक म्हाताऱ्या बाई हे विकत बसल्या होत्या. काठ बघा ना याचा."

काठ बघायची रंगुबाईला गरज नव्हती. आंधळी झाली असती तरी तिनं तो बोटांनी ओळखला असता. विणकाम बुडापासून वरपर्यंत उजवीकडं जातं, सगळ्या जगाचं जातं. पण शेवटी उभ्या काड्या वाकवून एकमेकींच्या मागं खोचत काठ बांधायची वेळ आली, की ह्या डालग्याचा काठ फिरून डावीकडं जात होता. असा काठ यवतच्या कैकाडी वस्तीत फक्त रंगुबाईच्या घरात बांधत. आणि केडगावात एक बाई बांधत होती.

"नाव काय म्हणाली?" हणमंतानं विचारलं. हणमंत रंगुबाईचा लेक. अंकिताबाईंचा फोन त्याच्याकडं यायचा, माल पोचवायला टेम्पो तोच ठरवायचा, म्हणून घरात आपला शब्द शेवटचा आहे असं त्याला वाटायला लागलं होतं.

"विचारलं मी. म्हणाल्या, घ्यायचं तर घ्या, नाव कशाला पायजे, सोयरीक जुळवायचीय का?"

चुलीपाशी बसलेली सारिका फस्सकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावून खोकल्याचं सोंग केलं. रंगुबाईनं सुनेकडं एकच नजर टाकली. सोंग आणखी थोडा वेळ चाललं.

आठ महिन्यांपूर्वी ही अंकिताबाई पहिल्यांदा आली, तेव्हा दिवाणावर बसली नाही, थेट फरशीवर बसली. तेव्हाच रंगुबाईनं तिला पास केलं होतं. गुऱ्हाळवाले, बागाईतदार सगळे प्लास्टिकच्या क्रेटवर गेलेले. वर्षाला चार डालगी आणि लग्नसराईत दोन पाट्या, एवढंच काम उरलेलं. अंकिताबाईंनी एक पाटी उलटी धरली, आतून मोबाइलची बत्ती लावली आणि छताकडं बघत बसल्या. सावलीची जाळी पडली होती. "अशी साठ," त्या म्हणाल्या. रंगुबाई म्हणाली होती, "उलट्या पाटीत उजेड साठवायचा म्हणजे पुण्याची माणसं खरंच सुखी हायेत." पण हॉटेलवाल्यांना ते पटलं आणि काम सुरू झालं. अंकिताबाईंच्या अटीही नवलाच्या. व्हार्निश नको, रंग नको, प्लास्टिकची तार नको, झाड मुळासकट तोडू नका. ह्या शेवटच्या अटीवर रंगुबाईनं तिला चांगलं सुनावलं होतं. "बाई, कालव्याच्या कडंची ती निरगुडी माझ्या सासऱ्यानं तोडली, नवऱ्यानं तोडली, मी तोडते. मुळासकट तोडली असती तर तुम्हाला दाखवायला राहिली असती का?"

साठातल्या साठ पाट्या आता पत्र्याच्या शेडमध्ये दोरीवर टांगून सुकत होत्या. येत्या रविवारी पुण्यात कार्यक्रम होता. रंगुबाईला शाल मिळणार होती. प्रत्येक पाटीला एक कार्ड अडकवायचं होतं, त्यावर तिचा फोटो आणि खाली मजकूर: हा काठ रंगुबाईंना त्यांच्या सासूबाईंकडून मिळाला. असं रंगुबाईनंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. विचारलं, सांगितलं. त्यात एवढं खोटं कुठं होतं? सासरीच शिकली होती ना?

"मला वाटतंय त्या बाईंच्या मागं कुणीतरी व्यापारी असणार," अंकिताबाई सांगत होत्या. "तुमच्या पाट्यांचे फोटो मी इंटरनेटवर टाकले, त्यावरून उचललं असेल. मी वकिलांशी बोललेय. काठाची नोंदणी तुमच्या नावानं करायची. आणि सोमवारी त्या बाईंना एक पत्र जाईल. घाबरायचं काही नाही. हा काठ रंगुबाईंच्या घराण्याचा आहे, तुम्ही तो बांधून विकू नका, एवढंच."

"आन् इकला तर?" सारिकानं विचारलं.

"मग पुढची कारवाई."

"बराबर हाय," हणमंत म्हणाला. तो आईकडं बघत नव्हता. "चोरी ती चोरी."

रंगुबाईच्या मनात आलं, ह्याला गोवर निघाला तेव्हा नऊ दिवस कुणाच्या मांडीवर होता हा?  पण ती म्हणाली, "चहा टाक गं, सारिका."

नोंदणीसाठी व्हिडिओ लागत होता. काठ पहिल्या काडीपासून शेवटच्या काडीपर्यंत कसा बांधतात, न थांबता. फोन धरायला अपेक्षा, हणमंताची थोरली. ती रांजणगावला कंपनीत मालाच्या तपासणीवर होती आणि गुरुवारची सुट्टी म्हणून घरी आली होती. आल्यापासून ती साठ पाट्यांच्या तोंडाला टेप लावून बघत होती आणि सातांवर खडूनं फुल्या मारून मोकळी झाली होती. त्यातल्या चार आजीच्या होत्या. आजी-नातीत त्यावरून सकाळीच वाजलं होतं.

रंगुबाईनं विणून झालेली पाटी मांडीत घेतली, काड्यांवर पाणी शिंपडलं, दाभण दातात धरलं आणि सुरू केलं. एक काडी वाकवायची, दोन काड्यांच्या मागून घ्यायची, खोचायची, दाबायची. मग पाटी तशीच धरून मनगट उलटं करायचं, कोपर पोटाशी घ्यायचं, पुढची काडी.

"थांब, आज्जी." अपेक्षानं फोन खाली घेतला. "तू दर येळी कोपर असं पोटात का घालतीस?"

"असंच असतंय ते."

"न्हाई पण. उजवीकडं गेलीस तर हात सरळ जातोय. ही जादाची मोशन हाय. आमच्या लाइनवर असतीस तर साहेबानं पहिल्याच दिवशी तुला बाजूला घेतलं असतं."

"तुझ्या साहेबाला म्हणावं, ये हितं, तुला पण बाजूला घेते."

पण अंकिताबाई हसल्या नाहीत. त्या पुढं सरकल्या, गुडघ्यावर बसल्या. "आजी, परत एकदा करा." रंगुबाईनं केलं. मग त्यांनी सारिकाला एक काठ बांधायला सांगितला. सारिकाचंही कोपर तसंच पोटात गेलं. हणमंतानं हात मागं घेतला, पण त्याचंही तसंच होतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"तुम्ही सगळे उजव्या हाताचे," अंकिताबाई सावकाश म्हणाल्या, "आणि सगळ्यांना ह्या काठाला त्रास पडतो. हा उजव्या हाताच्या माणसाला सुचलेला नाही." त्यांनी वर बघितलं. "आजी, तुमच्या सासूबाई डावखुऱ्या होत्या का?"



मग हणमंत बोलला, तोंड फोनकडं आणि आवाज खाली. घरच्या भाषेत बोलला, कैकाडीत. परक्या माणसापुढं घरातलं बोलायचं तर ती भाषा आजवर कामाला आली होती. बाजारात भाव करताना, चौकीत, दवाखान्यात. "व्हय म्हण," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला कोण इचारायला जातंय?"

"नका म्हणू, आत्या," सारिकाही त्याच भाषेत म्हणाली. "त्या म्हातारीला पत्र जाईल."

"तू गप बस. तुझं काय जातंय? तू तिला बघितलं बी न्हाईस."

"बघितलं न्हाई म्हणूनच बोलते. ज्यांनी बघितलंय ते तर गप हायेत."

अंकिताबाई एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. रंगुबाईला फक्त एक मान हलवायची होती. उत्तर हातावर आयतं ठेवलेलं होतं. सासूबाई डावऱ्या होत्या म्हटलं की संपलं. रविवार तसाच राहणार, शाल तशीच, फोटो तसाच.

पण तिच्या डोळ्यांपुढं सासू आली, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

रंगुबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला विणता येत नव्हतं. तिच्या माहेरी गाढवांवर माती वाहायचे, वीटभट्ट्यांची. सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं पाटी विणली ती चाळणीसारखी झाली. थोरली जाऊ सोजराबाई तिला कालव्याच्या कडेला घेऊन बसली. सोजराबाई डावरी. तिनं दाखवलं तसं धाकटीनं केलं, हात कुठला हे बघायची अक्कल कुणाला होती? सासूनं धाकटीचा पहिला काठ बघितला, आणि निरगुडीच्या फोकानं तिच्या बोटांच्या पेरांवर दिले. "आधीच एक उलटी घरात हाय, आता दुसरी! उलट्या काठाच्या पाटीत नवरीचं धान कुणी भरायचं?" दुसरा फोक उगारला तेव्हा सोजराबाईनं आपला डावा हात मधी घातला. तो वळ महिनाभर होता. आणि ह्या सासूचं नाव कार्डावर छापायचं?

"त्या बाईचं नाव?" रंगुबाई मराठीत कडाडली. "जिनं ह्या काठापायी फोकानं बोटं सोलली तिचं? त्यापरीस मी आयुष्यभर कोंबड्यांचीच डालगी इकीन!"

हणमंतानं कपाळाला हात लावला. मराठीत बोलून आईनं दार उघडं टाकलं होतं.

"मग कुणाचा आहे हा काठ?" अंकिताबाईंनी विचारलं.

"ते डालगं कुणी इकलं तुम्हाला?" रंगुबाईनं डालग्याकडं बोट केलं. "तिचा. सोजराबाई तिचं नाव. माझी थोरली जाऊ. ती कुणाचं चोरत न्हाई बाई, आम्हीच तिचं खातो."

 अंकिताबाईंनी फोन पर्समध्ये टाकला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, रंगुबाईला ओरडण्याला उत्तर देता येतं. "पत्र मी थांबवते," त्या म्हणाल्या. "पण आजी, आता त्यांचं नाव नसेल तर कार्ड लागणार नाही. आणि त्यांची परवानगी नसेल तर ह्या पाट्याही जाणार नाहीत. कुणाच्या हाताचं काम कुणाच्या नावावर विकायचं, ते तर मी बंद करायला निघालेय."

"साठ नग तयार हायेत!" हणमंत उसळला. "सोजरानानी काय परवानगी देणार? पंचवीस वर्षं झाली, ती आमच्या घराकडं तोंड करून थुंकत पण न्हाई. तिनं आपल्याला टाकलंय."

"तिनं टाकलं?" रंगुबाई म्हणाली. "तू तवा सतरा वर्षांचा व्हतास, हणमंता. बारका न्हवतास."

ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. सोजराबाईचा नवरा पोपटराव उसाच्या ट्रॉलीखाली गेला. त्याच्या दहाव्याला माणसं जेवून उठत होती, आणि रंगुबाई भर गल्लीत म्हणाली की डाव्या हाताची बाई घरात आहे तोवर ह्या घरात माणूस जगायचं नाही, हिच्या डाव्या हातानं घर बुडालं. का म्हणाली? तिचा स्वतःचा नवरा त्याच आठवड्यात तापानं फणफणला होता आणि ती भ्याली होती. पण भ्याले म्हणून बोलले, असं सांगायची रीत रंगुबाईला आजवर जमली नव्हती. सोजराबाई चौथ्या दिवशी केडगावला भाच्याकडं गेली, एक कोयती आणि दाभण घेऊन. काठ मात्र इथंच राहिला. कारण दुसरा कुणाला येतच नव्हता.

"जायचं," रंगुबाई उठली. "गाडी हाय, बाई हाय. आत्ताच जायचं."

"मी येणार न्हाई," हणमंत म्हणाला.

"तुला कुणी बोलावलंय? पाट्यांवर लक्ष ठेव. शेरडं शिरतात."

सारिका मधेच म्हणाली, "आत्या, आता खरंच लिव्हायचं म्हणताय तर एक बोलू? साठातल्या एक्केचाळीस माझ्या हायेत."

रंगुबाईनं सुनेकडं वरून खाली बघितलं. चांगला मोका साधला होता पोरीनं. तिच्या जागी आपण असतो तर आपणही आत्ताच बोललो असतो. "माहीत हाय मला," ती म्हणाली. "मोजता मला पण येतं. तुझं नाव यील. आता एक पाटी घे, चांगली बघून. फुलीची नको."

केडगावला रेल्वे फाटकाच्या अलीकडं भाच्याचं घर होतं, दोन खोल्या, पुढं सिमेंटचा कट्टा. सोजराबाई कट्ट्याखाली पोत्यावर बसून विणत होती. वाळली होती, पण हात तसाच होता, फोक तिच्या बोटांत आपणहून वळत होता. गाडीतून रंगुबाई आणि तिच्यामागून सारिका, अपेक्षा उतरल्या तेव्हा तिनं डोळे बारीक करून बघितलं. उठली नाही.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाई मेलं."

"मग घर चुकलीस तू."

"न्हाई चुकले. तुझ्याकडंच आलेय, थोरले."

सोजराबाईनं अंकिताबाईंना ओळखलं. "डालगं परत द्यायला आलात व्हय? परत घेणार न्हाई मी."

अंकिताबाईंनी सगळं नीट सांगितलं. पाट्या, हॉटेल, कार्ड, पत्र जाणार होतं तेही. पत्राचं सांगायची गरज नव्हती असं रंगुबाईला वाटलं, पण ही बाई काही लपवणाऱ्यातली नव्हती. सोजराबाई ऐकत होती आणि विणत होती. सारिकानं पाटी पुढं केली तेव्हा तिनं ती घेतली, काठावरून डावा अंगठा फिरवला, सगळीकडून.

"तू बांधलास?"

"व्हय, नानी."

"कोपर दुखत असंल."

सारिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत तिच्या कोपराचं कुणी विचारलं नव्हतं. रंगुबाई दुसरीकडं बघायला लागली.

"नाव घाला न्हाईतर घालू नका," सोजराबाई अंकिताबाईंना म्हणाली. "मला त्याचं काय करायचंय? पर हिला माझी परवानगी पायजे ना? मग हिनं माझं एक काम करावं." तिनं पहिल्यांदा रंगुबाईकडं सरळ बघितलं. "तू ते कुठं म्हणली व्हतीस?"

रंगुबाईला कळलं. "गल्लीत."

"हळू म्हणली व्हतीस?"

"न्हाई."

"हितं पण गल्ली हाय."

अंकिताबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण सारिकानं त्यांचा हात दाबला. रंगुबाईला वाटलं, गाडीत जाऊन बसावं. साठ पाट्या जाळाव्यात, चहा करावा त्यावर. पुण्यातली शाल पुण्यातच राहू दे. तिनं गल्लीकडं बघितलं. समोर एक बाई गहू निवडत होती, एक रिक्षावाला टायर बघत होता, दोघं म्हातारे निंबाखाली बसले होते. ह्यांतलं कुणी तिला ओळखत नव्हतं, आणि तरी पाय कट्ट्याला चिकटले होते. यवतला सगळे ओळखीचे असताना केवढ्या सहज बोललो होतो आपण.

ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि पदर खोचला.

"ऐका वो, सगळ्यांनी ऐका! ही सोजराबाई, माझी थोरली जाऊ. पंचवीस वर्षांमागं मी भर गल्लीत म्हणले, हिच्या डाव्या हातानं घर बुडालं. ते खोटं व्हतं. माझा भाया, हिचा नवरा, ट्रॉलीचा हूक तुटून मेला. हुकाला हात नसतो, डावा न्हाई का उजवा न्हाई. मी भ्याले व्हते, म्हणून बोलले. आन् त्यानंतर माझं घर जगलं ते हिच्या त्याच हातानं शिकवलेल्या कामावर जगलं. ज्याला ऐकू आलं न्हाई त्यानं आत्ताच जवळ यावं. मी दुसऱ्यांदा म्हणणार न्हाई!"

गहू निवडणारी बाई सूप तसंच धरून बसली होती. रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, भांडण हाय का मिटलंय?" 

सोजराबाईनं घसा साफ केला. "आर्धी गल्ली नळावर गेलीय," ती म्हणाली. "पर आसू दे."

मग कार्डाचा मजकूर तिथंच कट्ट्यावर बसून नवा झाला. अंकिताबाई सांगत होत्या, अपेक्षा फोनवर लिहीत होती. एका ठिकाणी ती अडली. "आधी कुणाचं नाव घेऊ? फोटो तर आज्जीचा हाय."

"थोरलीचं," रंगुबाई म्हणाली. "थोरली असताना धाकटीचं आधी घेतात का? कंपनीत जाऊन एवढं पण इसरलीस?"

अपेक्षानं वाचून दाखवलं. "हा डाव्या अंगाचा काठ सोजराबाई पोपटराव माने यांचा. त्यांनी तो आपली धाकटी जाऊ रंगुबाई यांना यवतच्या कालव्याकाठी शिकवला. ही पाटी सारिका हणमंत माने यांनी विणली."

सोजराबाईचे हात थांबले होते. "परत वाच," ती म्हणाली. "जरा हळू."

अपेक्षानं हळू वाचलं. रंगुबाई भिंतीला टेकून उभी होती, कुणी तिला बस म्हणालं नव्हतं. उन्हानं तिचं तोंड लाल झालं होतं. आपलं नाव दुसऱ्याच्या नावामागून येताना कसं ऐकू येतं, ते ती पहिल्यांदाच ऐकत होती. वाटलं होतं तितकं लागलं नाही. थोडं लागलं.

वाचून झालं. सोजराबाईनं पोत्यावरचे फोक एका अंगाला सारले, मोकळी झालेली जागा हातानं झटकली आणि घरात आवाज दिला. भाचेसून दारात आली.

"धाकटी आलीय माझी," सोजराबाई म्हणाली. "पाणी आण तिला. उन्हात लई बोललीय. हितं पडली-बिडली, तर परत माझ्याच हातावर यील."